मिग-२१ चं १/७२ मॉडेल आणि दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे: खरंच लागणारं सामान कोणतं?

ओझरचा_लेक:

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. जरा मोठं झालंय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझे वडील ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे सरकारी विमान कारखान्यात, फिटर होते. तिथला कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तोच मुळात मिग-२१ साठी, आणि बाबा लागले तेव्हा बिसचं, म्हणजे मिग-२१ च्याच एका प्रकाराचं, काम जोरात होतं. गेल्या वर्षी २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तो कार्यक्रम आम्ही घरी एकत्र बघितला. बाबा पूर्ण वेळ एक शब्द बोलले नाहीत, संपल्यावर उठले आणि गॅलरीत जाऊन बसले. तेव्हाच मनात आलं की यांच्यासाठी आपल्या हातानं एक मिग बनवायचं. १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, किट मागवलं, चांगल्या कंपनीचं आहे, अजून कपाटात तसंच ठेवलंय, कारण आधी हात बसावा म्हणून एक स्वस्तातलं छोटं विमान करून बघितलं आणि ते पार बिघडलं.

काय काय झालं ते सांगतो. पार्ट फ्रेममधून हातानं पिरगाळून तोडले, त्यामुळे काही ठिकाणी टवका उडाला. चिकटवायला घरातली पाच रुपयांची इन्स्टंट गमची ट्यूब वापरली, तर दुसऱ्या दिवशी कॉकपिटची काच आतून पांढरी धुरकट झालेली. रंग मुलीच्या क्राफ्टच्या डब्यातला, तो इतका जाड बसला की पंखावरच्या बारीक रेघा सगळ्या बुजल्या. बाबांनी ते हातात घेतलं, चष्मा लावला, पोटाच्या जोडावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "इथे पायरी लागतेय." बस. त्यानंतर मी किटला हात लावलेला नाही.

आता प्रश्न. व्हिडिओ बघितले की सामानाची यादी संपतच नाही, एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग उडवणारं पेन), कॉम्प्रेसर, पन्नास रंग, अमुक तमुक. ऑनलाइन एक ४५ पीसचा टूलसेट दिसतोय तो घ्यावा का? माझं बजेट किट सोडून साधारण चार हजार. एअरब्रशशिवाय चांदीचा रंग होतो का? आणि दुसरं म्हणजे मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला या दिवाळीत किल्ल्यावरचे मावळे स्वतः रंगवायचेत, कुंभाराकडून बिनरंगाचे आणू म्हणतोय, तर हेच ब्रश, हेच रंग तिकडे चालतील का? नाशिकमध्ये राहतो, एकदा पुण्या-मुंबईला चक्कर होईल.


पेठेतला_मॉडेलर:

दादा, पहिली गोष्ट, तो ४५ पीसचा सेट घेऊ नका. मी सुरुवातीला तसलाच एक घेतला होता, त्यातला चिमटा टोकाला जुळत नव्हता, कटरचं पातं दांड्यात हलायचं, आणि ४५ पैकी ४० वस्तू आजपर्यंत बाहेर काढलेल्या नाहीत. त्या पैशात चार वस्तू चांगल्या घ्या. सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते तोडणं, घासणं आणि चिकटवणं या तीन गोष्टींवर, रंग नंतर. जोड नीट नसेल तर वर कितीही भारी रंग मारा, बाबांचं नख तिथे अडकणारच.

तोडायला निपर घ्या, म्हणजे साइड कटरच पण एका बाजूनं सपाट असलेला. इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाले वापरतात तो बारीक तोंडाचा चालतो सुरुवातीला. फक्त त्यानं तार तोडायची नाही, एकदा तार तोडली की धारेला खाच पडते आणि मग तो प्लास्टिक चिरडतो. आणि तोडायचं दोनदा. पहिला कट पार्टपासून लांब, फ्रेमकडच्या बाजूला, दुसरा जवळ पण अगदी चिकटून नाही, एक मिलिमीटरभर ठेवायचं. मग तेवढं ब्लेडनं तासायचं आणि शेवटी पेपरनं घासायचं. एकदम मुळाशी कापलं की प्लास्टिकवर ताण येऊन पांढरा डाग पडतो नाहीतर खड्डा.

ब्लेडसाठी हॉबीवाला महागडा चाकू नको, सर्जिकल दुकानात जा आणि ३ नंबरचं हँडल आणि ११ नंबरची ब्लेडं मागा. टोकदार असतं, प्रत्येक ब्लेड वेगळ्या पाकिटात येतं, स्वस्त पडतं आणि धार अशी की हॉबी ब्लेडला जमत नाही. पण हे ब्लेड पातळ असतं, त्यानं काही उचकटायला किंवा पिळायला गेलात तर टोक तुटून डोळ्यात उडेल, त्यामुळे फक्त तासायचं आणि कापायचं, आणि मुलगी जवळ असताना ब्लेड उघडं टेबलावर ठेवायचं नाही. वापरलेली ब्लेडं औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकत जा, भरली की झाकण टेपनं बंद करून मग कचऱ्यात. खाली कटिंग मॅट ए४ ची पुरते.

घासायला वॉटर पेपर. रंगकाम करणारे आणि गाडीचे डेंटिंगवाले वापरतात तोच काळा पेपर, हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळतो. ४००, ६००, १०००, १५०० असे चार नंबर आणा. चांदीचा रंग मारणार असाल तर २००० चाही एक तुकडा आणाच, कारण चांदी प्रत्येक ओरखडा दाखवते, राखाडी रंगाखाली जे खपून जातं ते चांदीखाली अजिबात खपत नाही. पेपर पाण्यात बुडवून घासायचं, धूळ उडत नाही आणि पेपर भरत नाही. छोटे तुकडे करून आइस्क्रीमच्या काडीला डबल टेपनं चिकटवा, सपाट घासायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. गोल जागेला, नाकाला, पोटाला, कॉस्मेटिकच्या दुकानात नखं घासायचा मऊ बफर मिळतो तो वापरा.

आता चिकटवणं. तुमची काच धुरकट झाली ती इन्स्टंट गमच्या वाफेनं, तो गम सुकताना वाफ सोडतो आणि ती बंद जागेत काचेवर बसते. अशा पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या किटला पातळ प्लास्टिक सिमेंट लागतं, टामियाचं एक्स्ट्रा थिन म्हणजे हिरव्या झाकणाची ४० मिलीची बाटली, झाकणातच ब्रश असतो. हा गोंद नाहीच खरं तर, हा प्लास्टिक विरघळवतो आणि दोन तुकडे एकमेकांत जिरून एक होतात. आधी दोन पार्ट कोरडे जुळवून धरायचे, मग ब्रशचं टोक जोडाच्या रेघेला नुसतं टेकवायचं, सिमेंट आपोआप रेघेतून पळत जातं. त्या क्षणी बोट जोडावर नको, नाहीतर बोटाखाली जाऊन ठसा उमटतो, तो पुसायला जाऊ नका, आणखी पसरेल, सुकू द्या आणि मग घासा. दहा-पंधरा सेकंदांनी जोड हलकेच दाबलात की वितळलेलं प्लास्टिक केसासारखी रेघ बनून वर येतं. ती रेघ एक दिवस वाळू द्या आणि मग १००० च्या पेपरनं काढा, पायरी गायब. हे एकदा जमलं की अर्ध्या जागी पुट्टी लागतच नाही.

काच शेवटी, आणि ती साध्या पांढऱ्या फेविकॉलनं बसवा, वाळला की पारदर्शक होतो आणि वाफ नाही.


मेधा_गिरगाव:

पेठेतल्या दादांनी मॉडेलचं सगळं सांगितलंच आहे, मी रंग आणि मावळ्यांचं सांगते, कारण माझं काम २८ मिमीच्या आकृत्या रंगवणं हेच आहे गेली नऊ वर्षं.

ब्रशबद्दल सगळ्यांचा एक गैरसमज असतो की डोळा बारीक म्हणून ब्रशही ०००० चा हवा. तसं नसतं. इतक्या छोट्या ब्रशमध्ये रंगच मावत नाही, पॅलेटवरून आकृतीच्या चेहऱ्यापर्यंत आणेस्तोवर टोकावर सुकतो. १ नंबरचा एक आणि ० चा एक, दोन्ही गोल, पण टोक सुईसारखं जुळणारे. दुकानात घेताना पाणी मागा, ब्रश बुडवा, एक झटका द्या, टोक एकत्र आलं तर घ्या, दोन फाटे फुटले तर परत ठेवा. दुकानदार बघू देत नसेल तर दुसरं दुकान. सिंथेटिक चालतात, फक्त काही महिन्यांत टोक आकड्यासारखं वळतं, तेव्हा ते ब्रश फेकायचे नाहीत, धुण्या-कालवण्याला ठेवायचे. नैसर्गिक केसाचा कोलिन्स्की सेबल महाग असतो पण नीट ठेवला तर कितीतरी वर्षं जातो. नीट ठेवणं म्हणजे रंग मधल्या पत्र्यापर्यंत कधीच चढू द्यायचा नाही, काम झालं की गार पाण्यात धुवायचा, साबणाच्या वडीवर हलकेच फिरवायचा, बोटांनी टोक करायचं आणि आडवा वाळवायचा. पाण्याच्या ग्लासात डोक्यावर उभा ठेवून चहाला गेलात की तो ब्रश गेलाच समजा. आणि एक जाडा, जुना, चपटा ब्रश ड्रायब्रशिंगसाठी, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशनं उठावांवर रंग घासायला, वेगळा.

रंग: मुलीच्या डब्यातले क्राफ्टचे अ‍ॅक्रिलिक वाईट नसतात पण त्यात रंगद्रव्य भरड असतं म्हणून पातळ केलं की डाग डाग दिसतं. किल्ल्याला, मातीला, दगडाला तेच वापरा, तिथे भरडपणा शोभतो. आकृत्यांना आणि कॉकपिटला मात्र मॉडेलचे रंग घ्या. वालेहो म्हणून स्पॅनिश कंपनी आहे, ड्रॉपर बाटल्या असतात, ब्रशनं मारायला छान. टामियाचे अ‍ॅक्रिलिक स्प्रेला उत्तम पण ब्रशनं ओढताना खालचा थर उचलला जातो, म्हणून सुरुवातीला नकोत. पन्नास नको, सात घ्या: काळा, मोडका पांढरा म्हणजे आयव्हरी, पिवळा ऑकर, बर्न्ट सिएना, लाल, निळा आणि एक करडा. यातून मावळ्याची कातडी, मुंडासं, अंगरखा, ढाल, पायताण सगळं निघतं. ऑकर, सिएना आणि थोडा आयव्हरी मिसळलात की आपल्याकडची कातडी अगदी बरोबर येते, परदेशी बाटल्यांवर लिहिलेली कातडी आपल्या मावळ्याला लावू नका, चेहरा गुलाबी दिसतो.

वेट पॅलेट घरी करा, विकत नको. टिफिनचा चपटा प्लास्टिकचा डबा, आत किचन टिश्यूच्या चार घड्या, पाणी घालून भिजवायचं, जास्तीचं ओतून द्यायचं, वर बेकिंगचा पार्चमेंट पेपर. इथे एक लक्षात ठेवा, आपल्याकडे बटर पेपर म्हटलं की दुकानदार तीन वेगवेगळे कागद देतात, मेणाचा कागद चालत नाही कारण त्यातून ओल वर येत नाही. झाकण लावून ठेवलं की रंग दुसऱ्या दिवशीही ओला. नाशिकच्या उन्हाळ्यात तर याशिवाय कामच होणार नाही, साध्या प्लेटवर थेंब पाच मिनिटांत कातडं धरतो.

रंगाचा पातळपणा सांगून कळत नाही पण प्रयत्न करते: साय काढलेल्या दुधासारखा. ब्रश भरून घेतला की आधी टिश्यूवर एकदा टेकवायचा आणि मग आकृतीवर. दोन पातळ हात, मध्ये पूर्ण वाळू द्यायचं. तुमच्या विमानाच्या रेघा बुजल्या त्या एकाच जाड हातामुळे.

आता मावळे. कुंभाराकडचे मातीचे किंवा पीओपीचे मावळे पाणी पितात, त्यामुळे रंग शोषला जातो आणि फिका पडतो. आधी फेविकॉलमध्ये दुप्पट-तिप्पट पाणी घालून एक हात द्या, वाळू द्या, मग रंग. साच्याची रेघ दोन्ही खांद्यांवरून उतरलेली असते, ती ६०० च्या पेपरनं काढा, कोरडीच, मातीला पाणी नको. हातात धरून रंगवू नका, औषधाच्या बाटलीच्या झाकणावर ब्ल्यू टॅकनं (परत निघणाऱ्या चिकट लगद्यानं) चिकटवा आणि झाकण धरा. घोड्यावरचा स्वार असेल तर आधी घोडा, मग स्वार, मग लगाम.

डोळे: बहुतेक जण आधी पांढरा ठिपका देतात आणि मग काळा, आणि मावळा घाबरलेला दिसतो. उलट करा. आधी डोळ्याच्या खोबणीत गडद तपकिरी आडवी रेघ, त्यावर आयव्हरीची जरा लहान रेघ, अशी की तपकिरी कड वरखाली उरेल, मग मध्ये काळ्याचा उभा छोटा फटकारा, तो वरच्या पापणीला चिकटलेला हवा. चुकलं तर कातडीच्या रंगानं खालून वर ढकलून परत आकार द्यायचा. मुलीला सांगा श्वास सोडून मग टेकवायचं आणि दोन्ही मनगटं एकमेकांना टेकलेली ठेवायची. नऊ वर्षांच्या मुलांचा हात आपल्याला वाटतो त्यापेक्षा स्थिर असतो, माझ्या वर्गात बघते मी दर वर्षी.

पांढरं मुंडासं पांढऱ्यानं सुरू करू नका. करडा आणि ऑकर मिसळून आधी सगळं रंगवा, मग घड्यांच्या वरच्या कडांना आयव्हरी. भगव्यालाही तेच, काळ्या-करड्यावर भगवा कधीच उठत नाही, खाली आयव्हरीचा हात द्या आणि मग भगवा, एकदम पेटतो.


नदीकाठ_७२:

मी फक्त एअरब्रशबद्दल. चार हजारांत एअरब्रश आणि कॉम्प्रेसर बसवायचा प्रयत्नच करू नका, बसेल ते टिकणार नाही. पुढे कधी घेतलात तर वरून कप असलेला, डबल अ‍ॅक्शन (एकाच खटक्यानं हवा आणि रंग दोन्ही आवरता येणारा), ०.३ मिमी नोझलचा, आणि कॉम्प्रेसर टाकीवाला, सोबत पाणी अडवणारा ट्रॅप हवाच, आपल्या पावसाळ्यात नळीत पाणी साठून रंगात थेंब उडतात.

चांदी एअरब्रशशिवाय होते, पण ब्रशनं नाही. ब्रशनं मारलेल्या चांदीत फटकारे दिसतात, कितीही पातळ करा. मॉडेलच्या कंपनीचा चांदीचा स्प्रे कॅन घ्या. त्याच्याखाली चकचकीत काळा मारलात तर चांदी खऱ्या धातूसारखी दिसते, हे मी दोन विमानांवर केलंय. आधी बाबांना विचारा कोणतं विमान करायचं, जुने एफएल प्रकारचे मिग-२१ चांदीचे असायचे, शेवटच्या काळातले राखाडी. आणि किटच्या डब्यात भारतीय डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची खुणांची चित्रं, आहेत का बघा, नसतील तर वेगळे मागवावे लागतील. गोलात भगवा बाहेर, पांढरा मध्ये, हिरवा आत, उलटं छापलेलं काही हाती येऊ देऊ नका.

डिकल लावायच्या आधी ग्लॉस वार्निशचा हात हवा. खडबडीत मॅट रंगावर डिकल लावलं की खाली हवा अडकते आणि कडेनं चंदेरी झाक दिसते. कोमट पाण्यात अर्धा मिनिट, मग चिमट्यानं कागदासकट उचलून जागेवर सरकवायचं, कागद ओढायचा, डिकल नाही.

आणि नाकात वजन! बॉडी बंद करायच्या आधी माहितीपत्रकात बघा किती सांगितलंय. मासेमारीच्या गळाचं शिसं मिळतं, ते चिकटवा. विसरलात तर विमान शेपटीवर बसतं आणि मग काही करता येत नाही. शिशाला हात लावल्यावर हात धुवा, मुलीला देऊ नका.


ओझरचा_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आज हार्डवेअरमधून वॉटर पेपर आणले, सर्जिकलवाल्यानं हँडल आणि दहा ब्लेडं दिली. बाबांना विचारलं कोणतं विमान, तर म्हणाले चांदीचं. का, ते सांगितलं नाही.

दोन शंका. एक, प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, लागतोच का आणि आत्ता पावसात मारू का? फ्लॅट आहे, गॅलरी छोटी. दोन, मास्कचं काय, कोविडमधले एन-९५ पडलेत ते चालतील?


डोंबिवली_फास्ट_ट्रॅक:

प्रायमर लागतोच. प्लास्टिक गुळगुळीत असतं, त्यावर थेट मारलेला अ‍ॅक्रिलिक नखानं निघतो. पण प्रायमरचं खरं काम दुसरं आहे: सगळं मॉडेल एकाच करड्या रंगाचं झालं की जो खड्डा, जी पायरी वेगवेगळ्या रंगांच्या प्लास्टिक आणि पुट्टीत दिसत नव्हती ती लगेच दिसते. पहिला हात म्हणजे तपासणीच समजा. खड्डे दिसले की पुट्टी, पेपर, परत हात. त्याआधी सगळे पार्ट भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात धुवून वाळवा, साच्यातून सुटायला लावलेलं तेल आणि तुमच्या बोटांचं तेल दोन्ही निघतं.

पावसात स्प्रे मारू नका. हवेत दमटपणा जास्त असताना मारला की पृष्ठभागावर ओल धरते आणि पांढुरकी धुकट छटा येते, ग्लॉस काळ्यावर तर ती ठळक दिसते. डोंबिवलीत मी जून ते सप्टेंबर फक्त कापतो, घासतो, चिकटवतो आणि ब्रशचं काम करतो, स्प्रेचं सगळं ऑक्टोबर उजाडल्यावर. तुम्हाला तर तसंही दिवाळीपर्यंत वेळ आहे. अगदीच मारायचा असेल तर कोरडी दुपार बघा. कॅन आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गरम पाण्यात अजिबात नाही, दोन मिनिटं हलवा, २० ते २५ सेंटीमीटरवरून, स्प्रे मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. पुठ्ठ्याचं मोठं खोकं आडवं ठेवून त्यात मारा म्हणजे शेजारच्यांचे कपडे वाचतील.

गाड्यांच्या दुकानातला स्वस्त स्प्रे प्रायमर बघून मोह होतो, पण त्यातले काही सॉल्व्हंट (रंग विरघळवणारी द्रव्यं) इतके तेज असतात की बारीक रेघा खाऊन टाकतात. मारायचाच असेल तर आधी रिकाम्या फ्रेमवर मारून एक दिवस थांबा. आणि थर्माकोलच्या किल्ल्यावर कुठलाच स्प्रे कॅन मारू नका, थर्माकोल विरघळून त्याला भोकं पडतात, त्याला आधी फेविकॉल आणि कागदाचा थर हवा.

एन-९५ धुळीला चालतो, म्हणजे कोरडं घासताना. स्प्रेच्या वाफेला तो काहीच करत नाही, वास येतोय म्हणजे वाफ आत जातेय. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपरच्या, म्हणजे असल्या वाफा अडवणाऱ्या, कार्ट्रिजचा हाफ मास्क येतो, इंडस्ट्रियल सेफ्टीच्या दुकानात मागा, नाशिकला सातपूर-अंबडची एमआयडीसी आहे, तिथे मिळायला अडचण येऊ नये. बजेटमधून काही काढायचं असेल तर रंग काढा, मास्क काढू नका. मी चार वर्षं खिडकी उघडी आहे ना या भरवशावर मास्कशिवाय मारत होतो आणि दर रविवारी रात्री डोकं धरून बसायचो, बायकोनं मास्क आणून दिला तेव्हा थांबलं ते.


पेठेतला_मॉडेलर:

वरचं सगळं बरोबर. मी एक विसरलो होतो, दिवा. पांढऱ्या उजेडाचे दोन एलईडी टेबल लॅम्प, डावीकडून एक आणि उजवीकडून एक, म्हणजे ब्रशची सावली कामावर पडत नाही. पिवळ्या बल्बखाली रंगवलेला करडा सकाळी हिरवट दिसतो.

आणि पुट्टी, बारीक फटीला मॉडेलची ट्यूबवाली, पण मोठा खड्डा असेल किंवा मावळ्याची तुटलेली तलवार-हात बनवायचा असेल तर एम-सील. दोन वड्या सारख्या घेऊन एकरंगी होईपर्यंत मळायच्या, बोटाला पाणी लावून आकार द्यायचा. पुण्याला आलात तर बोहरी आळीत हत्यारं बघा, आणि कागद, बोर्ड, ब्रशसाठी अप्पा बळवंत चौक. मुंबईला गेलात तर हत्यारांना नागदेवी स्ट्रीट. बारीक कानशींचा सेट तेवढा चांगला घ्या, दहा-बारा आकारांचा येतो, चाकांच्या खोबणी आणि एक्झॉस्टच्या कडा त्याशिवाय साफ होत नाहीत.


ओझरचा_लेक:

कानशींवरून सांगतो, म्हणून परत आलो.

काल रात्री पेठेतल्या दादांची ही शेवटची पोस्ट आधी बाबांना वाचून दाखवली. कानशींचं आलं तेव्हा त्यांनी थांबवलं, आतल्या खोलीत गेले आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. आत तेलाच्या कपड्यात गुंडाळलेल्या बारीक कानशी, अकरा आहेत, गोल, तिकोनी, चपट्या, अर्धगोल, प्रत्येकीला त्यांनीच सागाची मूठ बसवलेली. रिटायर झाल्यापासून डबा उघडला नव्हता म्हणाले. एक स्टीलची पट्टी आणि एक व्हर्नियर पण निघाला.

मग किट उघडलं. मेधाताई, तुमचा वेट पॅलेट मुलीनं तिच्या शाळेच्या डब्यात केला, पार्चमेंट दुसऱ्या दुकानात मिळाला, पहिल्यानं मेणाचाच दिला होता. बाबांनी एकही पार्ट चिकटवू दिलेला नाही अजून. आधी दोन्ही पंख कोरडे लावून बघितले, व्हर्नियर लावला, टोकापासून टोकापर्यंत ९९ मिलिमीटर. खऱ्या विमानाचे ७.१५ मीटर, त्याला ७२ नं भागून त्यांनी कागदावर ताळा केला आणि मान हलवली. पंख जिथे बॉडीला मिळतो तिथे डाव्या बाजूला फट आहे, ती पुट्टीनं भरायची नाही म्हणाले, खुंटी घासून पंख आत बसवायचा. मी म्हटलं पुट्टी भरली तर कुणाला दिसणार नाही, तर म्हणाले चांदीखाली दिसेल. हे नदीकाठवाल्यांनी किंवा पेठेतल्या दादांनी लिहिलेलं मी तोपर्यंत त्यांना वाचून दाखवलेलंच नव्हतं.

आज सकाळी सात वाजता उठलो तर ते गॅलरीत बसलेले, पुढ्यात पाण्याची वाटी, १००० चा पेपर काडीला चिकटवलेला, आणि डावा पंख हातात. "आधी बर काढायची, मग मापाला आणायचं," एवढंच बोलले, बर म्हणजे कडेला उरलेली खरबरीत धार. मुलगी शेजारी बसून मावळ्याच्या खांद्यावरची रेघ घासतेय, ती मात्र कोरडीच, ते तिच्या लक्षात आहे.

स्प्रे ऑक्टोबरमध्ये. मास्क उद्या आणतो, दोन आणतो.


मेधा_गिरगाव:

त्या कानशींचा फोटो टाका हो दादा. आणि मावळ्यांच्या डोळ्यांपर्यंत पोचलात की मुलीला आधी कागदावर वीस डोळे काढायला सांगा, पॅलेटमधल्याच रंगानं, त्याच ब्रशनं.